शेवटचे वीस फूट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



नव्या घरात राहायला गेलं की देव्हारा कुठे ठेवायचा यावर चार दिवस चर्चा होते. देवांचं तोंड कुठल्या दिशेला, स्वयंपाकघरात की बाहेरच्या खोलीत, वडीलधाऱ्यांना विचारलं का, सगळं होतं. फ्रिज कुठे, वॉशिंग मशीनचं पाणी कुठे सोडायचं, यावरही घरातली माणसं हिरिरीने बोलतात. पण एके दिवशी दारात एक तरुण मुलगा येऊन उभा राहतो. खांद्यावर बारीक तारेचं भेंडोळं, हातात ड्रिल मशीन. तो विचारतो, "काका, डबा कुठे लावू?" आणि आपण म्हणतो, "लाव की इथेच कुठेतरी."

संपलं. पाच मिनिटांत निर्णय झाला. त्या निर्णयाबरोबर आपण मग पाच-सात वर्षं राहतो.

मी हे दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. टेलिफोन खात्यात माझी सगळी नोकरी झाली. लोकांच्या घरांत, कचेऱ्यांत तारा कुठून न्यायच्या हे ठरवण्यात माझी उमेद गेली. आणि माझ्याच घरी २०२२ च्या दिवाळीनंतर फायबरचं कनेक्शन आलं, तेव्हा मीही नेमकं हेच वाक्य बोललो. वर आणखी एक पुस्ती जोडली, "आत भोकं पाडू नकोस रे बाबा, आत्ताच रंग दिलाय." मुलगा गुणी होता. त्याने दाराजवळ, चपलांच्या कपाटाच्या वर, डबा ठोकला, दिवे लागले, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर चित्र झकास दिसलं आणि आम्ही त्याला चहा देऊन निरोप दिला.

आमचं घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. इमारत १९८० नंतरच्या काळातली. दारातून आत आलं की बाहेरची खोली, मग लांब पॅसेज, त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर आणि अगदी शेवटी आईची खोली. आई आता चौऱ्यांयशी वर्षांची आहे. धाकटी बहीण कॅनडात, टोरांटोला असते. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. मायलेकींच्या बोलण्याची वेळ ती. पूर्वी आईच्या कॉटशेजारी टेबलावर तारेचा फोन होता. बहिणीचा फोन आला की आई उशी पाठीशी घेऊन बसायची आणि अर्धा-पाऊण तास बोलायची. कुणाचं लग्न ठरलं, लोणच्याला कैऱ्या किती आणल्या, सगळं. फायबर आल्यावर तो जुना फोन आम्ही काढून टाकला. आता कशाला हवा? आता तर लेक समोर दिसणार!

काही महिन्यांनी बहीण मला म्हणाली, "दादा, आई हल्ली धड बोलतच नाही रे. पाच मिनिटं झाली की 'बरं, ठेवते हं' म्हणते. तिचं काही बिनसलंय का?" मी म्हटलं, वय झालं, दमत असेल. बायकोला वाटलं, कानाचा काही त्रास असेल. कान तपासून आणले. ते ठीक होते. मग आम्ही तो विषय सोडून दिला.

२०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी लवकर घरी आलो. दार उघडलं तर पॅसेजच्या तोंडाशी आई उभी. एक हात चपलांच्या कपाटावर टेकलेला, दुसऱ्या हातात मोबाइल धरलेला. गुडघे दोन्ही दुखरे. पायांची चाललेली चुळबुळ मला दिसत होती. बोलणं संपल्यावर मी विचारलं, "अगं, इथे उभी राहून का बोलतेस?" ती म्हणाली, "आत बसलं की तिचं तोंड अडकतं रे. तोंड उघडं राहतं आणि आवाज येत नाही. इथे उभं राहिलं की नीट दिसते." मी म्हटलं, "मग सांगायचं नाही का?" त्यावर तिचं उत्तर असं होतं, "एवढ्यासाठी काय सांगायचं? भिंतीला भोक पाडावं लागेल तुम्हाला."

मंडळी, माझी लेक बोलत नाही, माझी आई बोलत नाही, घरातली माणसं तुटली, अशा तक्रारी आपण रोज ऐकतो. आमच्या घरातल्या त्या तक्रारीचं कारण एक चुकीच्या जागी लावलेला डबा हे होतं. म्हणून आज त्या डब्याच्या जागेबद्दल बोलायचं आहे.

आधी हे बघू की आपल्या घरी येतं ते काय येतं. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याची जाडी साधारण एकशेपंचवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्याही आतला जो गाभा, ज्यातून उजेड धावतो, तो फक्त नऊ मायक्रॉनच्या आसपास. आपला केस याच्या कितीतरी पट जाड असतो. उजेड या गाभ्यात शिरला की बाहेर न पडता पुढे पुढे जात राहतो. या शास्त्राच्या पायाभरणीत आपल्या माणसाचा मोठा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवण्याचं काम केलं आणि १९५४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. त्या कामाबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आज बहिणीचा चेहरा टोरांटोहून निघतो तो बहुतेक सगळी वाट या काचेतूनच येतो. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून येतो. अशा कितीतरी केबली आपल्या मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. तिथून घाट चढून पुण्यात, एक्स्चेंजमध्ये, मग आपल्या गल्लीत. गल्लीत एका छोट्या पेटीत एका तंतूतला उजेड बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो आणि त्यातला एक वाटा आपल्या दाराशी येतो. इतक्या हजार मैलांत काही अडत नाही. मग अडतं कुठे? तो डबा आहे ना, त्याच्या पुढच्या वीस फुटांत.

कारण डब्यापाशी उजेड संपतो. तिथे उजेडाचं रूपांतर विजेच्या संदेशात होतं आणि पुढे वाय-फाय म्हणजे रेडिओलहरी सुरू होतात. तुम्ही आत्ता माझं बोलणं ऐकताय तेही रेडिओलहरींवरच. पण आकाशवाणीचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण असतं कित्येक किलोवॉटचं आणि त्या लहरी असतात शेकडो मीटर लांबीच्या. त्यांना तुमच्या घराची भिंत म्हणजे काहीच नाही. आपल्या डब्याची ताकद वॉटाच्या अंशात मोजायची आणि त्याच्या लहरी बोटभर, वीतभर लांबीच्या. त्यांना भिंत ही भिंतच असते.

हा डबा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्झच्या, दुसऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या. शेजारच्या इमारतीत लाउडस्पीकर लागला की ढोलकीचा ठेका आपल्या खोलीत पोचतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. तसंच काहीसं समजा. २.४ वाली लहर लांब जाते, भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. शेजारीपाजारी सगळ्यांचे डबे तीच वाट वापरतात. घरातला मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर चालतो. ५ वाली वेगवान, पण दोन भिंती ओलांडेपर्यंत तिचा दम जातो.

मधे काय काय आहे यावर मग सगळं ठरतं. विटांची अर्धवट भिंत थोडंच अडवते. काँक्रीटचा खांब किंवा आरसीसीची भिंत जास्त अडवते, कारण तिच्यात सळया असतात. जुन्या वाड्याची दोन फुटी भिंत, कोकणातल्या घराचा जांभ्या दगडाचा चिरा, यांच्यापुढे तर ५ वाली लहर हात टेकते. लोखंडी कपाट म्हणजे लहरींना लावलेलं कुलूप. मोठा आरसाही तसाच, त्याच्या मागे धातूचा लेप असतो. पाणी लहरी पिऊन टाकतं, म्हणून पाण्याची टाकी, माशांची काचपेटी यांच्याआड डबा नको. आता आमच्या घराचा हिशेब बघा. डब्यापासून आईच्या कॉटपर्यंत मधे न्हाणीघराच्या दोन भिंती, एक खांब आणि आईच्याच खोलीत भिंतीला टेकून उभं असलेलं, साड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट. तिथे बहिणीचं तोंड अडकणार नाही तर काय होणार?

तेव्हा जागा ठरवायची कशी? मी माझ्या चुकीनंतर जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम कागदावरचं. मुलगा दारात येण्याआधी, दोन दिवस आधी, चौकटीच्या वहीच्या कागदावर घराचा साधा नकाशा काढा. त्यावर विजेचे सॉकेट दाखवा, लोखंडी कपाटं दाखवा, खांब दाखवा. आणि मग त्यावर माणसं दाखवा. यातलं हेच महत्त्वाचं. कोण कुठे बसून काय करतं? मुलगी कुठल्या टेबलावर अभ्यास करते? घरून काम करणारा जावई किंवा सून कुठे बसते? आजोबा कुठे पडून कीर्तन ऐकतात? आणि ज्याला हलता येत नाही ते माणूस कुठे आहे? आपण बहुतेक वेळा टीव्ही बघून जागा ठरवतो, पण टीव्हीला तार जोडता येते, तो जागचा हलत नाही. तरुण माणूस नेट नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जातो. म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला, पाळण्याशी बसलेल्या बाळंतिणीला उठता येत नाही. म्हणून नकाशावर आधी त्यांची जागा मांडा, मग बाकीच्यांची. डबा या सगळ्यांच्या मध्यावर, पण जे हलू शकत नाहीत त्यांच्या बाजूला थोडा झुकलेला असावा.

दुसरं, उंची आणि मोकळेपणा. डबा जमिनीवर नको, टीव्हीच्या मागे नको, कपाटात तर मुळीच नको. साधारण छाती-डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर किंवा फळीवर असावा. तो दिवसरात्र चालू असतो, गरम होतो, त्याला वारा लागला पाहिजे. त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालायचा मोह आवरा. उभ्या अँटेना असतील तर लहरी कशा पसरतात सांगतो. मेदुवडा डोळ्यांसमोर आणा. अँटेना म्हणजे वड्याच्या भोकातून उभी घातलेली काडी. लहरी त्या वड्यासारख्या चहूबाजूंना पसरतात, पण काडीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली कमी पोचतात. म्हणून एका मजल्याच्या घरात अँटेना सरळ उभ्या ठेवा. बंगल्यात वरच्या मजल्यावरही नेट हवं असेल तर एखादी आडवी करून बघा.

तिसरं म्हणजे वीज. हे आपण साफ विसरतो. जुन्या तारेच्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून, तिथल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून, त्याच तारेतून यायची. गावभर अंधार झाला तरी फोन वाजायचा. काचेतून वीज येत नाही, फक्त उजेड येतो. घरातली वीज गेली की डबा बंद आणि डब्यावर चालणारा फोनही बंद. घरात म्हातारं माणूस असेल, रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन करायची वेळ येत असेल, तर याचा विचार आधीच करा. घरात इन्व्हर्टर असेल तर डबा त्या लाइनवरच्या सॉकेटजवळ लावा. नसेल तर डब्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना डब्याच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा आणि तेवढाच घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण वाचून खात्री करा. तुमच्या घरात दोन डबे असतील, म्हणजे फायबरचा एक आणि वाय-फायचा एक, तर दोन्हींना वीज लागेल. आणि कनेक्शन देणाऱ्याला एक विचारा, मधे गच्चीवर किंवा जिन्यात विजेवर चालणारी पेटी आहे का? असेल तर आपला डबा चालू राहूनही उपयोग नाही. मोबाइल हाताशी असावाच.

चौथं म्हणजे खुद्द तार. ही काच आहे, हे विसरू नका. तांब्याच्या तारेसारखी ती काटकोनात दुमडून, वर खिळा ठोकून चालत नाही. नेहमीच्या तंतूला तीस मिलिमीटर त्रिज्येहून लहान वळण सोसत नाही. घरात वापरायला जास्त वाकणारे तंतूही निघाले आहेत, पण आपल्याकडे कुठला आलाय ते बाहेरून कळत नाही. म्हणून सोपा नियम, वळण चहाच्या कपाच्या तोंडाहून लहान नको. दाराच्या फटीतून तार घेऊ नका. दार दर वेळी तिला चावतं. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर ते बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि तार भोकात शिरण्यापूर्वी खाली झोळीसारखी सोडलेली असावी, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न येता त्या झोळीच्या टोकाशी टपकून जातं. नंतर भोक बुजवून घ्यायचं, नाहीतर मुंग्या आणि उंदीर वाट बघतच असतात. डब्याजवळ दोन-तीन मीटर तार गुंडाळून शिल्लक ठेवायला सांगा. उद्या जागा बदलायची झाली तर तीच कामाला येते. आणि एक जपा. तारेच्या टोकाचं ते हिरवं बोंड उपसून आत डोकावून बघायचं नाही. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा असतो. त्या बोंडाच्या टोकाला बोटही लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणासुद्धा उजेड अडवतो. डब्यावर 'एलओएस' लिहिलेला तांबडा दिवा लागला तर समजा की उजेडच येत नाही. तेव्हा खोलीची किंवा भिंतीची चूक नाही, तक्रार नोंदवा.

आता तुम्ही म्हणाल, डबा घराच्या मध्यावर हवा, पण तार तर दाराशीच येते. आतपर्यंत भिंत फोडायची का? नाही. इथे एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. फायबरचा डबा आणि वाय-फायचा डबा एकाच जागी असलाच पाहिजे असं नाही. फायबरचा डबा दाराशी राहू द्या. त्याच्यापासून आतपर्यंत एक साधी नेटवर्कची केबल न्या आणि तिच्या टोकाला वाय-फायचा दुसरा डबा लावा. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. कुठलंही घर त्याहून मोठं नसतं. भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून नेली, छताच्या कडेने नेली, तर डोळ्याला खुपत नाही आणि भाड्याच्या घरात घरमालकही कुरकुरत नाही. विजेच्या तारा असलेल्या पाइपात मात्र ती घालू नका, तिला वेगळा रस्ता द्या. तारेविना एकमेकांशी बोलणारे जोडडबेही मिळतात, ते बरे असतात. पण दुसरा डबा तुम्ही जिथे नेट पोचतच नाही तिथे ठेवलात तर त्याच्याकडे द्यायला तरी काय असणार? तो मधल्या वाटेवर, जिथे अजून बरं नेट मिळतंय, तिथे ठेवावा लागतो.

शेवटी एक परीक्षा सांगतो. तिला एक पैसाही लागत नाही आणि ती डबा ठोकण्याआधी करता येते. एका मोबाइलवर हॉटस्पॉट चालू करा आणि जिथे डबा लावायचा विचार आहे तिथे, तेवढ्याच उंचीवर ठेवा. दुसरा मोबाइल त्याला जोडा आणि हातात घेऊन घरभर फिरा. प्रत्येक माणसाच्या जागी जाऊन बसा, नुसतं उभं राहू नका. कॉटवर आडवे व्हा. दार लावून बघा. वाय-फायच्या रेघा किती दिसतात ते नकाशावर लिहा. मोबाइलची ताकद डब्याहून कमी असते, म्हणजे इथे जमलं तर डब्याला जमेलच. जागा बदला, पुन्हा फिरा. अर्ध्या तासात घराचा स्वभाव कळतो. आधीच डबा लागलेला असेल आणि नेट अडत असेल तर याच्या उलट करा. डब्याला खेटून उभे राहून बघा. तिथे ठीक चालत असेल तर दोष जागेचा आहे, महागडा प्लॅन घेऊन तो जाणार नाही. तिथेही रडत असेल तर कंपनीशी बोला.

नवीन घर घेणाऱ्यांना किंवा ज्यांची सोसायटी पाडून पुन्हा बांधणार आहेत त्यांना एक वेगळी विनंती. बिल्डरबरोबर बैठक होते तेव्हा टाइल्स, नळ, मॉड्युलर किचन यांची यादी होते. त्या यादीत एक ओळ घाला. जिन्यातल्या डक्टपासून घराच्या मध्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप, आत ओढायची तार घालून, आणि मध्यावर एक विजेचा सॉकेट. भिंत उघडी असताना याचा खर्च किरकोळ असतो. एकदा प्लास्टर झालं की त्याचं किती होतं ते घर दुरुस्त केलेल्यांना विचारा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीनुसार मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. म्हणजे घराला पाणी, वीज यांच्याबरोबर ही सोय आहे का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आता गिऱ्हाइकाला वाटू लागला पाहिजे. गावाकडे घर बांधणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, आणि ती तार पुढेमागे आपल्या पडवीपर्यंत येईल. चिऱ्याच्या भिंतीत आज एक पाइप ठेवला तर उद्या छिन्नी लागणार नाही.

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगून थांबतो. आईला तसं उभं पाहिल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेतलं आणि पॅसेजच्या कोपऱ्यातली जुनी टेलिफोनची पेटी उघडली. आतमध्ये रंगाने चिकटलेला पाइप होता. दारापासून थेट आईच्या कॉटशेजारपर्यंत जाणारा. इमारत बांधताना कुणीतरी, फोन आतल्या खोलीतही लागेल, असा विचार करून तो घातला होता. जुनी तांब्याची तार त्यात तशीच पडून होती. तिच्या एका टोकाला नवी केबल बांधली, दुसऱ्या टोकाने जुनी ओढली. जुनी बाहेर आली, नवी आत गेली. एकही भोक पाडावं लागलं नाही. रंगाला ओरखडासुद्धा आला नाही. दोन तासांचं काम होतं, आणि ते करायला मला पावणेदोन वर्षं लागली होती.

त्या संध्याकाळी सात वाजता आई उशी पाठीशी घेऊन बसली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे वाचल्यासारखं करत होतो. पावणेआठ झाले तरी आतून बोलणं चालूच होतं. कैऱ्यांचा भाव, शेजारच्या नातीचं बारसं, गुडघ्याचं तेल. रात्री बहिणीचा निरोप आला, "दादा, आई आज बरी वाटली रे."

आई त्या सगळ्या दिवसांतही बरीच होती. त्या पावणेदोन वर्षांतल्या प्रत्येक संध्याकाळची जी अर्धी-पाऊण घटका आम्ही घालवली, तिचा हिशेब मी मांडत बसत नाही. तो मांडून काही परत येत नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. आज रात्री घरात एक फेरी मारा. कुणी खिडकीपाशी ओणवं होऊन बोलतंय का, कुणी जिन्यात जाऊन अभ्यास करतंय का, कुणी "बरं, ठेवते" असं लवकर म्हणतंय का, ते बघा. आणि त्यांना विचारा. आपणहून ती माणसं सांगायची नाहीत. भिंतीला भोक पाडावं लागेल याचा त्यांना संकोच वाटतो.